गुप्तरोगाचं स्टिकर आणि ओटीपोटातली कळ

आजचा भाग इयरफोन लावून ऐकलात तर बरं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण लोकलमध्ये शेजारचा माणूस उगाच तुमच्या मोबाइलमध्ये डोकावतो, म्हणून सांगतोय. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग.

सुरुवात एका कायद्यापासून करू. १९५४ साली संसदेने एक कायदा केला. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. या कायद्याला शेवटी एक परिशिष्ट जोडलेलं आहे, त्यात ५४ आजारांची यादी आहे. हे आजार आम्ही बरे करतो अशी जाहिरात करायची नाही, असा त्याचा अर्थ. यादी इंग्रजी वर्णानुक्रमाने आहे, त्यामुळे कोण कोणाच्या शेजारी बसलाय ते बघायला मजा येते. कॅन्सर आहे, मोतीबिंदू आहे, प्लेग आहे, लठ्ठपणा आहे, माणसाची उंचीसुद्धा आहे. आणि पंधराव्या क्रमांकावर, मज्जासंस्थेचे विकार आणि जलोदर यांच्या मधोमध, लिहिलंय : प्रोस्टेट ग्रंथीचे विकार.

आता बोरिवली किंवा मुलुंडहून सुटणाऱ्या एखाद्या जुन्या डब्यात चढा. दाराच्या वरच्या पत्र्यावर किंवा पंख्याखाली एखादं स्टिकर दिसतंच. अर्धं फाटलेलं, त्यावर दुसरं चिकटवलेलं. गुप्तरोग. लघवीला जळजळ, धातू जाणे, कंबरदुखी, कमजोरी. खात्रीशीर इलाज. खाली फोन नंबर. म्हणजे ज्या गोष्टीची जाहिरात करायला सत्तर वर्षांपासून बंदी आहे, ती गोष्ट रोज लाखो माणसांच्या डोक्यावर चिकटवलेली असते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्टिकर मात्र आपलं तिथेच.

हे कसं काय टिकलं? माझ्या मते त्याचं कारण स्टिकर लावणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याकडे आहे. एक दुखणं असं आहे की ते पुरुषाला होतं, ते कुठे होतं हे चारचौघांत सांगता येत नाही, तपासण्यांत पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि त्याला आपल्या भाषेत धड नाव नाही. नाव नसलेल्या दुखण्याला जो पहिला नाव देईल, त्याच्याकडे गिऱ्हाईक जातं. आजचा भाग आहे या दुखण्याच्या इतिहासाचा.

आधी दुखणं काय आहे ते सांगतो. ओटीपोटात, जांघेत, वृषणांत, किंवा वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत, जिला आपल्याकडे शिवण म्हणतात, तिथे एक मंद ठणका. कधी बसल्यावर वाढतो, उभं राहिल्यावर कमी होतो. लघवीला सारखं जावंसं वाटतं. जाऊन आलं तरी पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही. कधी वीर्यपतनानंतर कळ येते. ताप नाही, गाठ नाही, लघवीच्या तपासणीत जंतू नाहीत. आणि हे महिनोन्‌महिने चालतं.

मला हे झालेलं आहे. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, मुलुंडला राहत होतो आणि नोकरी अंधेरीला. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो, मग ऑफिसात नऊ तास खुर्ची. उन्हाळ्याचे दिवस होते. आई म्हणाली, उन्हाळी लागली असेल, धण्याजिऱ्याचं पाणी पी. प्यायलो. महिना गेला. एका दवाखान्यात, नाव घेत नाही, मला लागोपाठ तीन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला गेला, मधे एकदाही लघवीचं कल्चर न करता. तिसऱ्या कोर्सनंतर पोट बिघडलं, दुखणं तसंच. मित्रांपैकी कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. क्रिकेट खेळताना बोट मोडलं असतं तर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक्स-रे टाकला असता. म्हणून मला या गप्प बसण्याचा इतिहास शोधावासा वाटला. तो सापडला तो असा.

आपल्याकडे मूत्ररोगांचा विचार फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितलेत, म्हणजे लघवी अडण्याचे. त्यातल्या एकाचं नाव वाताष्ठीला. अष्ठीला म्हणजे गोल दगड. मूत्राशय आणि मलमार्ग यांच्या मधे दगडासारखी घट्ट गाठ होते आणि ती मार्ग अडवते, असं वर्णन आहे. आजचे वैद्य तिचा संबंध वाढलेल्या प्रोस्टेटशी जोडतात. गंमत बघा, इथे शरम कुठेच नाही. वात आहे, गाठ आहे, अडथळा आहे. मुतखड्याबद्दल ज्या सुरात लिहिलंय त्याच सुरात हेही.

याच परंपरेत दुसरी एक कल्पना होती. शरीर सात धातूंचं बनलेलं : रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. प्रत्येक धातू आधीच्यापासून तयार होतो, म्हणून शुक्र हे सगळ्यांचं सार. ग्रंथातला हा विचार बोलण्यात उतरला तेव्हा तो हिशेबाचा झाला. इतक्या थेंब रक्ताचा एक थेंब. तालमीत, आखाड्यात, शाळेच्या मैदानावर हा हिशेब पोरांना सांगितला गेला. एकदा का वीर्य म्हणजे बँकेतली ठेव झाली, की कमरेखालची प्रत्येक कळ म्हणजे ठेव मोडल्याची खूण ठरते.

मग या कथेत समुद्रावरून आलेला एक आजार शिरतो. १५३४ च्या वसईच्या तहाने मुंबईची बेटं आणि साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. साष्टी म्हणजे आजचं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, हा सगळा आपला पट्टा. त्याच शतकात भावमिश्राने भावप्रकाश हा ग्रंथ लिहिला आणि त्यात एका नव्या आजाराला नाव दिलं : फिरंगरोग. फिरंग्यांच्या संसर्गाने होणारा. आज आपण त्याला सिफिलिस म्हणतो. त्याच्यावर पारा आणि चोपचिनी असे उपाय सांगितलेत. मराठीत पुढे जोडशब्द रूढ झाला, गरमी-परमा. गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गनोरिया. यात परम्याचं लक्षण काय? लघवीला जळजळ आणि पू. म्हणजे जिथे आधी वात आणि अडथळा होता, तिथे आता संशय आला. जळजळ होतेय ना, मग कुठे गेला होतास?

एकोणिसाव्या शतकात हा संशय मुंबईत फार वाढला. १८५४ नंतर कापडगिरण्या आल्या. रत्नागिरी, सातारा, कुठून कुठून पुरुष आले, बायका गावी राहिल्या. शहरात पुरुषांची संख्या बायकांपेक्षा खूप जास्त. इंग्रज सरकारला काळजी होती ती आपल्या सैनिकांची आणि खलाशांची. १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा आला. त्यात वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होती. पुरुषांची तपासणी नव्हती. खूप विरोध झाला आणि १८८८ मध्ये तो रद्द झाला. पण एक सवय मागे राहिली : या भागातला रोग म्हणजे चारित्र्याचा प्रश्न, आणि पुरुषाने तो लपवायचा.

इथे कोणी म्हणेल, हे आपल्या समाजाचंच मागासलेपण. थांबा. युरोपात काय चाललं होतं तेही बघा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तिसो नावाच्या डॉक्टरने १७६० साली हस्तमैथुनावर पुस्तक काढलं आणि त्यातून अंधत्वापासून वेडापर्यंत सगळं होतं असं सांगितलं. पुस्तक युरोपभर गाजलं. मग फ्रान्समध्ये माँपेलिएचा सर्जन लालमाँ. त्याने १८३६ ते १८४२ या काळात नकळत होणाऱ्या वीर्यस्खलनावर तीन खंड लिहिले. लघवीच्या तक्रारी, ओटीपोटातली कळ, थकवा, उदासी, सगळं त्याने या एका रोगात बसवलं. आणि उपाय? मूत्रमार्गातून नळी घालून प्रोस्टेटच्या जवळचा भाग सिल्व्हर नायट्रेटने भाजायचा. हो, बरोबर ऐकलंत. भूल देण्याची पद्धत रूढ होण्याआधीचा काळ आहे हा. हे त्या काळचं आधुनिक विज्ञान होतं, आणि त्यावर विश्वास ठेवणारे डॉक्टर इंग्लंडमध्येही होते.

म्हणजे दोन प्रवाह आले. आपल्याकडचा धातूचा हिशेब आणि त्यांच्याकडची वीर्यनाशाची भीती. दोघांचं छान जमलं. छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, पोस्टाने पार्सल जात होतं. धातुपौष्टिक गोळ्यांच्या जाहिराती छापून येऊ लागल्या. दुकानात जायला नको, कोणाला तोंड दाखवायला नको. ऑनलाइन ऑर्डर केल्यावर साध्या खोक्यात घरपोच येतं ना, त्याचा पणजोबा तो.

आता येतो मुंबईतला एक माणूस. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. विल्सन कॉलेजात शिकवत होते, संततिनियमनाच्या प्रचारामुळे नोकरी गेली. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. १५ जुलै १९२७ ला समाजस्वास्थ्य नावाचं मासिक सुरू केलं आणि ते मरेपर्यंत चालवलं, म्हणजे १९५३ पर्यंत. पैसा नाही, अंक थोडे, टीका भरपूर. या सगळ्यात पत्नी मालतीबाई बरोबरीने होत्या.

समाजस्वास्थ्यमध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं असत. कर्व्यांची भाषा कोरडी, गणित सोडवावं तशी. कोणी हस्तमैथुनाबद्दल विचारलं तर ते सांगत, त्याने काही बिघडत नाही, बिघडतं ते भीतीने. ब्रह्मचर्याने तेज येतं या समजुतीची ते थट्टा करत. आज हे कोणताही डॉक्टर सांगेल. तेव्हा हे लिहिल्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ चा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. कर्व्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. लैंगिक प्रश्नावर लिहिलं म्हणून ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनातल्या चुकीच्या समजुती जायच्या असतील तर ज्ञानाशिवाय दुसरा मार्ग नाही. खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

इथे मी जरा थांबतो, कारण या सगळ्या गोष्टीतली मला सगळ्यात जड वाटणारी जागा ही आहे. त्या काळात धातुपौष्टिकाच्या जाहिराती देणाऱ्यांचा धंदा चालू होता, आणि शिक्षा झाली ती घाबरू नका असं छापणाऱ्याला. भीती विकणं चालत होतं, भीती काढणं चालत नव्हतं. अमोल पालेकरांचा ध्यासपर्व हा सिनेमा कर्व्यांवर आहे, अतुल पेठ्यांनी बसवलेलं अजित दळवींचं समाजस्वास्थ्य हे नाटक याच खटल्यांवर आहे. जमलं तर बघा.

कर्वे गेले १४ ऑक्टोबर १९५३ ला. पुढच्याच वर्षी तो सुरुवातीला सांगितलेला जाहिरातींचा कायदा आला. त्याचीही एक गोष्ट आहे. हमदर्द दवाखान्याने त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. १९५९ च्या डिसेंबरात निकाल लागला. कोर्टाने म्हटलं, असल्या जाहिरातींना बंदी घालणं ठीक आहे, पण यादीत कोणता आजार घालायचा हे सरकारने कोणत्याही निकषाशिवाय ठरवायचं हे चालणार नाही. मग १९६३ मध्ये दुरुस्ती करून आजारांची यादीच कायद्यात घातली गेली. अशा रीतीने प्रोस्टेट भारताच्या कायद्यात पोचलं. डॉक्टरांना त्याचं दुखणं नीट समजायच्या आधी.

आणि खरंच, समजलेलं नव्हतं. आता डॉक्टरांच्या बाजूचा इतिहास बघू.

प्रोस्टेट ही तरुणपणी अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती. वीर्यातला काही द्रव ती बनवते. १५३८ साली व्हेसेलियसच्या चित्रांत ती दिसते. १८७९ मध्ये नायसर या जर्मन डॉक्टरने परम्याचा जंतू शोधला आणि सगळ्यांना वाटलं, आता कोडं सुटलं. दुखतंय म्हणजे जंतू आहे. जंतू दिसत नसेल तर तो प्रोस्टेटमध्ये लपलाय. मग गुदद्वारातून बोट घालून प्रोस्टेट दाबायचं, द्रव काढायचा, ही पद्धत कित्येक दशकं चालली. अँटिबायोटिक आली तेव्हा पुन्हा वाटलं, झालं. परमा बरा होऊ लागला, हे खरंच मोठं काम झालं. पण एक गट उरलाच. औषध घेऊनही ज्यांचं दुखणं जात नाही असे पुरुष.

१९६८ मध्ये मिअर्स आणि स्टेमी या अमेरिकन डॉक्टरांनी एक शिस्तीची चाचणी सांगितली. चार नमुने घ्यायचे : लघवीची पहिली धार, मधली धार, प्रोस्टेट दाबून आलेला द्रव, आणि त्यानंतरची लघवी. चारांची तुलना केली की जंतू नेमका कुठे आहे ते कळतं. या चाचणीने जे दिसलं ते अवघड जागेचं दुखणं ठरलं. बहुतेकांत जंतू नव्हतेच. १९७८ साली अशा काही रुग्णांसाठी नवा शब्द काढला गेला, प्रोस्टेटोडिनिया. भारदस्त वाटतो, पण अर्थ एवढाच : प्रोस्टेट दुखतंय. म्हणजे रुग्णाने सांगितलेलंच ग्रीकमध्ये परत सांगितलं.

त्याच सुमाराला इकडे भारतात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये एका अवस्थेला नाव दिलं होतं, धात सिंड्रोम. लघवीतून धातू जातोय अशी खात्री, त्याबरोबर थकवा, चिंता, अंगदुखी. विगांनी मोठंच काम केलं. त्यांनी सांगितलं की या माणसाला हसू नका, त्याचं दुःख खरं आहे, त्याला सांगायला संस्कृतीने एवढा एकच शब्द दिलाय. पण या नावाचा एक दुरुपयोगही होऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला की डॉक्टर म्हणतो, तुम्हाला काही नाही, मनातलं आहे, घरी जा. आणि माणूस घरी जात नाही. तो स्टेशनवर जातो, स्टिकर वाचतो.

खरी कलाटणी मिळाली १९९५ च्या डिसेंबरात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तज्ज्ञांची बैठक बोलावली आणि प्रोस्टेटच्या या सगळ्या गोंधळाचे चार वर्ग केले. पहिला, अचानक झालेला जंतुसंसर्ग. दुसरा, जुना जंतुसंसर्ग. तिसरा, जंतूंशिवाय दीर्घकाळचं ओटीपोटाचं दुखणं. चौथा, तपासणीत सूज दिसते पण त्रास काहीच नाही. यातला तिसरा वर्ग सगळ्यात मोठा, दहातले नऊहून जास्त रुग्ण त्यात बसतात. त्याचं लांबलचक नाव क्रॉनिक प्रोस्टेटायटिस किंवा क्रॉनिक पेल्विक पेन सिंड्रोम. सहा महिन्यांत निदान तीन महिने दुखत असेल तर ते यात धरतात. १९९९ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली तयार झाली, ० ते ४३ गुणांची. किती दुखतं, लघवीचं काय, आणि जगण्यावर काय परिणाम झालाय. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. पहिल्यांदाच कागदावर कोणीतरी विचारलं की बाबा रे, याच्यामुळे तुझं काय होतंय.

मग औषधं तपासली गेली. २००४ मध्ये १९६ पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना बराच काळ त्रास होता. सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि टॅम्सुलोसिन ही लघवी मोकळी करणारी गोळी, वेगवेगळी आणि एकत्र देऊन बघितली. नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा त्यांचा फार फायदा दिसला नाही. माझे तीन कोर्स आठवून मी हे वाचताना हसलो, पण ते हसू काही फार गोड नव्हतं.

मग दुखतं काय? इथे स्नायू येतात. कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, प्रोस्टेट, आतडं सगळं तिच्यावर विसावलेलं. लघवी रोखताना आपण तीच आवळतो. ताण आला की काहीजण खांदे आवळतात, काहीजण दात, काहीजण ही झोळी. कधी सुरुवात संसर्गाने होते, कधी मार लागून, कधी नुसत्या काळजीने. स्नायू आखडतात, दुखतं, दुखलं म्हणून आणखी आखडतात. काही महिन्यांनी नसाच इतक्या हळव्या होतात की जखम नसतानाही मेंदूकडे तक्रार जात राहते. म्हणजे दुखणं मनातलं नाही, पण मनाचा त्याच्यात हात आहे. दोन्ही एकाच वेळी खरं. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९७७ मध्येच या आखडलेल्या स्नायूंबद्दल लिहिलं होतं. लक्ष जायला पुढची वीस-पंचवीस वर्षं लागली. २००९ मध्ये तज्ज्ञांनी अशी पद्धत सुचवली की प्रत्येक रुग्णात लघवी, मन, प्रोस्टेट, संसर्ग, नसा आणि स्नायू अशा सहा बाजू वेगवेगळ्या बघायच्या आणि जी बाजू दुखरी तिच्यावर उपचार करायचा. सगळ्यांना एकच पुडी नाही.

आता परत आपल्या पट्ट्यात या. ही उपनगरं १९५० आणि १९५७ मध्ये दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेत आली. कामधंदा दक्षिणेकडे, घर उत्तरेकडे, मधे रेल्वे. चर्चगेट ते बोरिवली विजेची गाडी १९२८ पासून धावतेय, आणि या लोकलमध्ये कधीच संडास नव्हता. तासभर उभं राहायचं, लघवी आली तर दाबायची, मग दिवसभर खुर्ची. लोकलमुळे हा आजार होतो असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्याला हा आजार आहे त्याला हे आयुष्य किती महाग पडतं ते मी सांगू शकतो. घाटकोपरच्या पुलावर गर्दीत अडकलोय, लघवी लागलीय, आणि वाटतंय की सगळं जग आपल्या मूत्राशयावर उभं आहे.

या शहराने बोलण्याचेही प्रयत्न केलेत, तेही सांगायला हवेत. कर्व्यांनंतर डॉ. विठ्ठल प्रभूंनी मराठीतून कामजीवनावर सोप्या भाषेत लिहिलं. केईएममध्ये डॉ. प्रकाश कोठारींनी लैंगिक आरोग्याचा विभाग उभा केला. आणि २००५ पासून डॉ. महिंदर वत्सा मुंबई मिररमध्ये वाचकांच्या प्रश्नांना रोज उत्तरं देत होते. मिश्किल, दोन ओळींची, कोणाला न लाजवणारी उत्तरं. २०२० च्या डिसेंबरात ते गेले, वयाच्या ९६ व्या वर्षी. किती लोक ते सदर लोकलमध्ये पेपर दुमडून, बाहेरचं पान वर ठेवून वाचायचे. म्हणजे कर्व्यांच्या प्रश्नोत्तरांपासून सत्तर-ऐंशी वर्षांनीही प्रश्न तेच होते. फक्त उत्तर देणाऱ्याला दंड होत नव्हता, ही प्रगती.

आणि स्टिकर? ते आता मोबाइलमध्ये आलंय. रात्री अकरा वाजता ओटीपोटातली कळ सर्च करा, सकाळपर्यंत तुमच्या फीडमध्ये शिलाजित, पुरुषांसाठी खास गोळ्या आणि दाढीवाला पहिलवान हजर. पूर्वी तुम्ही स्टिकरकडे जायचात, आता स्टिकर तुमच्याकडे येतं.

मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचार सांगणार नाही. पण इतिहास वाचून जे हाती लागलं ते सांगतो. ताप आणि थंडी वाजून ओटीपोट दुखत असेल, लघवी अजिबात होत नसेल, लघवीतून रक्त जात असेल, किंवा वृषणात अचानक तीव्र कळ आली असेल तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे वेगळे आणि तातडीचे आजार आहेत. दुसरं, जुनं दुखणं असेल तर लघवीची तपासणी आणि कल्चर झालंय का ते विचारा. आपल्या शहरात क्षयरोग अजून आहे आणि तो मूत्रमार्गातही होऊ शकतो, त्यामुळे सगळं स्नायूंवर ढकलूनही चालत नाही. तपासणी आधी, नाव नंतर. तिसरं, जंतू नसताना पुन्हा अँटिबायोटिक लिहून दिलं तर का, असं नम्रपणे विचारा. चौथं, ओटीपोटाच्या स्नायूंचं काम करणारा फिजिओथेरपिस्ट कोण आहे ते डॉक्टरांना विचारा. रील बघून कीगल सुरू करू नका. ज्याचे स्नायू आधीच आखडलेत त्याने ते आणखी आवळले तर दुखणं वाढू शकतं. त्याला आधी सैल सोडायला शिकावं लागतं. सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत युरॉलॉजीचे विभाग आहेत. रांग मोठी असते, पण केसपेपरवर गुप्तरोग असं लिहीत नाहीत.

माझं काय झालं विचाराल, तर पाचव्या महिन्यात एका युरॉलॉजिस्टने सगळे रिपोर्ट बघून सांगितलं, तुम्हाला संसर्ग नाही, पण तुम्हाला दुखतंय हे खरं आहे. त्या वाक्याच्या दुसऱ्या भागासाठी मी फी भरली असं मला आजही वाटतं. फिजिओथेरपी केली, दर तासाला खुर्चीतून उठायला लागलो, सात-आठ महिन्यांत बराच फरक पडला. कधीमधी डोकं वर काढतं, विशेषतः कामाचा ताण असला की. पण आता मला त्याचं नाव माहीत आहे आणि ते घरात सगळ्यांसमोर घेता येतं. वडिलांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, मलाही तिशीत असंच व्हायचं, मी कोणाला बोललो नाही.

अशी किती घरं असतील कोण जाणे. सुश्रुताने या जागेच्या गाठीला दगडाचं नाव दिलं, सरळ आणि बिनलाजेचं. मधल्या काळात आपण त्या जागी पाप, संशय, ठेव आणि मर्दानगी काय काय नेऊन ठेवलं. ते एकेक करून बाजूला काढलं की खाली उरतात काही स्नायू, काही नसा आणि अक्रोडाएवढी एक ग्रंथी. त्यांच्याबद्दल बोलायला जमतं. सराव लागतो एवढंच.

हा भाग अशा एका मित्राला पाठवा जो हल्ली सिनेमात सारखा उठून बाहेर जातो. काही विचारू नका, नुसता पाठवा. भेटू पुढच्या भागात.